डाव्या बाजूचं दार

आमच्या कंपाउंडमध्ये आंब्याखाली फायबरची एक छोटी घरगाडी उभी असायची. घरगाडी म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचं इंजिन नाही, मोटारीच्या मागे जोडून ओढायची. आत समोरासमोर दोन बाक, रात्री त्यांचाच पलंग, ओट्याचा एक तुकडा आणि चार खिडक्या. आकार अंड्यासारखा आणि रंग एके काळी पांढरा, आता जुन्या दातांसारखा. कॉलनीत तिला सगळे अंडंच म्हणत. सकाळी फिरायला निघालेले एक निवृत्त गृहस्थ फाटकाशी थांबून विचारत, "काय वहिनी, उबवून झालं का?" मी म्हणायची, "अजून नाही." वर्षानुवर्षं तोच विनोद आणि तेच उत्तर. दोघांनाही कंटाळा आला होता, पण बंद कोण करणार?

सातपूरला पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखानदाराने ती स्वतःसाठी बनवली होती, चाळीसेक वर्षांपूर्वी. परदेशी मासिकातला फोटो समोर ठेवून टाक्यांच्याच फायबरमध्ये त्याने ही एकच बनवली. तो वारल्यावर त्याच्या मुलीने ती विकायला काढली. माझा नवरा तेव्हा त्याच औद्योगिक वसाहतीत नोकरीला होता. घरी आला तो ठरवूनच.

"अगं, आता हॉटेलचं बुकिंग नको. वाटेल तिथे जायचं, वाटेल तिथे राहायचं."

"आणि धुणार कोण?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही, गाडी आली.

हौस त्याची आणि यादी माझी, अशी वाटणी आपोआप झाली. मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची, औषधांची, लग्नाच्या आहेराची, सगळ्याची यादी असते आणि काम झालं की ओळ खोडली जाते. अंड्याच्या यादीतल्या ओळी मात्र खोडल्या की खाली नव्या उगवत. इगतपुरीला गेलो तेव्हा छतातल्या झरोक्यातून इतकं पाणी आलं की बाहेर आणि आत यात फरक फक्त पंख्याचा होता. झरोक्याचं रबर बदललं, तर खालचं प्लाय कुजलेलं निघालं. प्लाय बदलायला उचकटलं, तर चेसिसला गंज. गंज घासून रंग दिला आणि मग टायरना चिरा पडलेल्या दिसल्या. वायरिंग उंदरांनी खाल्लं. पडद्यांना बुरशी आली. तीन-चार सहली झाल्या असतील, बाकी सगळी वर्षं डागडुजी. एव्हाना मला ती खिडकीतून दिसली तरी खांदे दुखायला लागत.

विकूनच टाकायची, असं मी ठरवत होते, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "त्या अंड्यात कमोड बसेल का गं?"

सासूबाई ऐंशीच्या पुढे. गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालतात, उकिडवं बसता येत नाही आणि तास-दीड तासाने जावं लागतं. त्यामुळे दवाखाना सोडला तर त्यांनी घराबाहेर पडणंच बंद केलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ चांदवडच्या पुढे एका खेड्यात असतो. दर भाऊबीजेला तो एसटीने यायचा, पाठीवर कांद्याची गोणी, पिशवीत बाजरीचं पीठ. मग अर्धांगाचा झटका आला आणि त्याचे पाय गेले. फोनवर बोलावं, तर त्याला ऐकू येत नाही. सासूबाई ओरडून बोलत आणि पलीकडून "हां, हां" येई.

दोन भाऊबीजा त्यांनी गच्चीच्या दारात उभं राहून चंद्राला ओवाळलं. भाऊ जवळ नसेल तर तसं करतात. दुसऱ्या वर्षी कोर ढगात गेली होती. वॉकरला टेकून, ताम्हन हातात धरून त्या वाट बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "भाऊ जिवंत असून चंद्राला काय ओवाळायचं?"

म्हणून ही कमोडची चौकशी.

मी सोपे उपाय सुचवून पाहिले. कमोडची खुर्ची गाडीत टाकून नेऊ म्हटलं. "भाच्यांच्या बायकांसमोर मी त्या खुर्चीवर बसू?" त्या म्हणाल्या. वाटेत हॉटेलांवर थांबू म्हटलं, तर तिथल्या ओल्या फरशा त्यांना माहीत होत्या. अँब्युलन्स म्हणताच त्या म्हणाल्या, "मी काय आजारी आहे?"

यादी पुन्हा उघडली. मागच्या कोपऱ्यात आडोसा करून कमोड बसवला. त्याची खालची टाकी काढून रिकामी करता येते, तसला. वर पाण्याची टाकी, भिंतीला धरायला दांडे, बाकांची उंची जास्त, पायरी रुंद. दसऱ्यानंतरच्या रविवारी चाचणी म्हणून दिंडोरीच्या बाजूला निघालो. चालत्या घरगाडीत कुणी बसायचं नसतं, म्हणून सासूबाई मोटारीत आमच्या मागे.

परतताना त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "थांबव."

नवऱ्याने रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी घेतली. मी त्यांना डाव्या दाराने उतरवलं, वॉकर उघडला, आणि घरगाडीकडे वळल्यावर लक्षात आलं की तिचं दार उजव्या बाजूला आहे. म्हणजे वाहत्या रस्त्यावर.

इतकी वर्षं घरात असून हे आम्हाला कधी दिसलं नव्हतं. कंपाउंडमध्ये ते दार घराकडे उघडायचं. सहलीत मुक्कामाला पोचल्यावरच उघडायचं. रस्त्यात ते उघडायची वेळच आली नव्हती. फोटो ज्या देशातला होता, तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तिथलं दार फुटपाथकडे उघडतं. आमच्या कारखानदाराने मापात काही चूक केली नव्हती.

"चित्र हुबेहूब उतरवलं त्याने," नवरा नंतर म्हणाला. "रस्ता तेवढा उतरवायचा राहिला."

पण तेव्हा कुणी असं बोलत नव्हतं. नवरा टॉवेल हलवत रस्त्यात उभा राहिला. द्राक्षबागेत औषध मारायचा पंप ओढत ट्रॅक्टर गेला, मागोमाग ट्रक आणि दोन मोटारसायकली. सासूबाईंनी एकदा पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. "नको. घरी चल," त्या म्हणाल्या. घर यायच्या आत जे व्हायचं ते झालं. मी सीट धुतली, त्यांना आंघोळ घातली. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"राहू दे ती भाऊबीज," त्या म्हणाल्या. "चंद्र आहे."

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, दार डावीकडे घ्यायचं.

त्याला ते सहन होईना. "अगं, अखंड कवच आहे ते. कापलं की जीवच जाईल त्याचा."

"त्याचा गेला तर बघू. आईंचा चाललाय."

फायबरवाला आला. बसच्या बॉडीचे भाग करतो, सातपूरलाच गाळा आहे. गाडीभोवती एक चक्कर मारून, टकटक वाजवून म्हणाला, "ताई, तुम्ही मला टाकीला दार लावायला सांगताय."

"आम्ही टाकीतच राहतो असं समजा."

"डावीकडे तर तुमचं किचन आहे."

"ते उजवीकडे घ्या. दार होतं तिथे."

"म्हणजे सगळं घर उलटं."

"हो. आणि दार वॉकरसकट माणूस जाईल एवढं पाहिजे. पहिलं अरुंद होतं."

"आणि हे सगळं दिवाळीआधी?" त्याने विचारलं.

"दिवाळीआधी."

तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुम्ही घरी काहीच बोलत नाही का?"

"मी टॉवेल दाखवतो," नवरा म्हणाला.

आधी जुनं दार कायमचं बंद करायचं आणि मगच नवं कापायचं, नाहीतर कवच बसेल, असं फायबरवाल्याने सांगितलं. जुनं दार त्याच्याच चौकटीत फायबरची मॅट आणि रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, लावून बुजवलं, आणि परतीचा पाऊस आला. हवेत ओल असली की रेझिन धरत नाही. बोट लावलं की चिकट. त्याची माणसं दिवाळीसाठी गावाला निघाली. मी ताडपत्री बांधली, आत दोन हॅलोजन दिवे लावले, दुपारभर जाऊन-येऊन बोट लावून बघत राहिले. घरात चकल्यांचं पीठ भिजत पडलेलं, आणि मी अंडं शेकत बसलेली. फाटकातल्या गृहस्थांनी ताडपत्रीच्या फटीतला उजेड बघितला. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. बहुतेक दया आली असावी.

रेझिन धरलं. फायबरवाल्याने ग्राइंडरने डावी बाजू कापली. ती पांढरी धूळ दिवाळीभर सापडत राहिली, कंदिलावरसुद्धा. नवरा कापायच्या वेळी घरात जाऊन बसला होता. नव्या दाराची कड थोडी वाकडी झाली, बंद करताना वर उचलून ढकलावं लागतं. मी ती ओळ यादीत घेतलीच नाही. भाऊबीज झाली की विकायची, एवढीच शेवटची ओळ लिहिली.

भाऊबीजेला सकाळी निघालो. वाटेत थांबावं लागलं, पण दार बांधाकडे उघडलं. सासूबाई आत गेल्या, शांतपणे बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत आरसा लाव गं एक." चांदवड मागे पडलं तशी त्यांची बोलीही बदलायला लागली. घरी "नाही" म्हणणारी बाई "नाय" म्हणू लागली.

मामांचं घर कांदे साठवायच्या चाळीला लागून. ओट्याला चार उंच पायऱ्या. मामा ओट्यावर खाटेवर पडलेले. सासूबाई वॉकर धरून खाली उभ्या आणि भाऊ वर. त्यांना चढता येईना, त्याला उतरता येईना. मामांच्या मुलांनी दोघांनी मिळून आत्याला उचलायची तयारी केली.

"मला हात लावू नका," सासूबाई म्हणाल्या. "त्यालाच आणा. माझ्या घरात आणा."

मग मामांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून दोघा मुलांनी खाली आणलं. वॉकरसाठी रुंद केलेल्या दारातून खुर्ची तिरकी करून आत गेली. जुन्या दारातून गेली नसती. बाकावर बहीण-भाऊ समोरासमोर बसले. मामांनी छत बघितलं, खिडक्या बघितल्या, पडदा ओढून बघितला.

"आक्का, लय बारकं घर हाय तुझं."

सासूबाईंनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "मला पुरतंय." एवढ्या जवळून त्यांना सगळं ऐकू येत होतं.

ओवाळणं तिथेच झालं. मी बाहेर पायरीशी फराळाचा डबा सांभाळत उभी होते, कारण आत तिसऱ्याला जागा नव्हती. थोड्या वेळाने मामांनी मुलाला हाक मारली. कमोडवर बसायचं होतं. त्याच्या आधाराने आडोशाबाहेर आले ते खुशीत. "दांड्याला धरून बसलो," ते म्हणाले, जे भेटेल त्याला म्हणाले. त्यानंतर त्यांनी ओट्यावर परत जायला नकार दिला.

मामांची धाकटी सून चुलीपाशी माझ्याशेजारी येऊन बसली. पस्तिशीची असेल, डोळ्यांखाली काळं. "ताई, बाबांचं भांडं मीच काढते," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. ते लाजून पाणीच पेत नाय. आज तांब्याभर पेले." माझ्याकडे न बघता तिने भाकरी उलटली. तिला काय विचारायचंय ते मला कळलं होतं आणि ती विचारणार नाही हेही.

दोन दिवसांनी निघायची वेळ आली. बॅगा भरल्या. सासूबाई बाकावरून हलल्या नाहीत.

"मी नाय येत," त्या म्हणाल्या. "तुम्ही जा."

नवरा म्हणाला, "आई, तुझी औषधं, तपासणी..."

"औषधं हिने महिन्याची भरून दिलीत. यादीसकट. ही काय तुझ्यासारखी आहे?" मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, "राहू दे ना गं. मला आणि अंड्याला."

मला वाद घालायची ताकद नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. कुणीतरी काहीतरी मागितलं आणि त्यासाठी मला काही दुरुस्त करायचं नव्हतं, असं फार दिवसांनी घडत होतं. मी धाकट्या सुनेला मागे नेलं, खालची टाकी कशी काढायची, कुठे रिकामी करायची, औषध किती टाकायचं ते दाखवलं. दार वर उचलून ढकलायचं हेही दाखवलं. तिने एकदाच करून बघितलं, जमलं.

"हे भांड्यापेक्षा बरं हाय का?" मी तिच्या बोलीत विचारलं.

"लय," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "पर काम ते कामच, ताई."

"ते आहेच."

आम्ही दोघंच परत निघालो. गाडी हलकी लागत होती. पिंपळगावच्या पुढे एका वळणावर नवऱ्याने गाडी लांबून घेतली, मागे घरगाडी असल्यासारखी. मग आरशात बघितलं आणि ओशाळला. घरी पोचेपर्यंत सगळी वळणं त्याने तशीच घेतली.

सकाळी मी आंब्याखालची जागा झाडत होते. गवत न उगवलेला लांबट पिवळा तुकडा तेवढा उरला होता. फाटकाशी गृहस्थ थांबले.

"वहिनी, अंडं कुठे गेलं?"

"माहेरी," मी म्हणाले.

"परत कधी?"

यादीत तशी ओळच नव्हती. मी पानं गोळा करून टोपलीत भरली.