सोमवारचा प्रश्न

गेल्या महिन्यात याच पुरवणीत आमच्या प्रयोगशाळेच्या बाई गेल्याचं वाचलं. वर फोटो, खाली गोडगोड मजकूर. उंदरालासुद्धा त्या मायेनं धरायच्या म्हणे. साफ खोटं. उंदीर मी धरायचो. बाई सुई टोचायच्या, घड्याळ बघायच्या आणि म्हणायच्या, "दगडू, पुढचा." गेलेल्या बाईवर असं लिहू नका काका, असं पुतण्या म्हणतो. मग त्यानं लिहावं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी मुंबईत प्राणीघरात कामाला, शनिवारी सापगावला घरी. बाईंचं औषध कॅन्सरवरच्या किरणांपासून अंग वाचवणारं. गाठ असलेल्या उंदरांना ते टोचायचं, ठरल्या वेळी एकेक मारून कलेजी, गुर्दा, लाळेच्या ग्रंथी, गाठ वेगवेगळी काढायची, आणि औषध कुठं किती पोचलं ते बघायचं. चांगल्या मांसात पोचावं, गाठीत पोचू नये, एवढ्यासाठी सारी खटपट. घरी हे मी मंदीला, माझ्या बायकोला सांगायचो. भाकरी थापता थापता ती विचारायची, "आज कुनाच्या पोटात गावलं?"

मग तिच्याच गळ्याला गाठ झाली. किरणांचा शेक द्यायचं ठरलं. मी बाईंपुढं उभा राहिलो. "तुमचं औषध तिला द्या. लाळ तरी वाचंल."

"लहान गाठीत ते फार जात नाही, मोठीच्या कडेला जातं. तिची मोठी आहे. गाठच वाचवू का?"

"उंदराचं सोडा ओ, बाई!"

"माणसाचं मला अजून माहीत नाही. नाही देणार."

पाच वर्षं हिचे उंदीर धरले, त्याचं हे फळ! घरी सांगितलं तर मंदी हसली. "बाई बरोबर बोलली. गाठीला कशाला पोसायचं?" दोघी एक झाल्या. तो राग अजून गेलेला नाही.

शेकानं गाठ गेली, लाळही गेली. भाकरीचा घास तोंडात वाळूसारखा फिरायचा. मंदी पेजेवर जगली. मी घरून परतलो की दर सोमवारी बाई पिंजऱ्यांपाशी यायच्या. "मंदाताई भाकरी गिळतात का?"

"नाय."

बाई मान खाली घालून जायच्या... मला बरं वाटायचं.

दोन वर्षांनी मंदीला थोडी लाळ सुटू लागली. आमटीत बुडवून अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाली, "बाईंना सांगा हं." सोमवारी बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "नाय." मी निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी "नाय". शनिवारी मंदी विचारायची, "सांगितलंत?" तिला म्हणायचो, "हो."

मंदी पुढं तापानं गेली. आता बाई गेल्या. माफी मागणार नाही. औषध द्यायला हवं होतं, असं मी आजही म्हणतो. पण निरोप मंदीचा होता, तो मी दाबून ठेवला.

आज सोमवार. मंदीच्या तव्यावर एक भाकरी टाकली, वाकडी झाली, समोर पडून आहे... बाई, गिळत होती. आधी अर्धी. मग अख्खी.