शेजारच्या कडीला पहिलं पडवळ

मंडळी, आज माझ्या वेलाचं पहिलं पडवळ काढलं. भाजी लावायची ही माझी पहिलीच वेळ. या दमट हवेत बाकीची सगळी रोपं कुजली, एकच वेल जगला. पडवळ सरळ वाढायला टोकाला दगड बांधतात हे उशिरा कळलं, त्यामुळे ते चांगलंच वळलंय.

आमच्या वाडीत पहिली भाजी शेजारी देतात. शेजारच्या काकी गणपती झाल्यावर लेकाकडे मुंबईला गेल्या, घराला कुलूप. तरी सकाळी पडवळ पिशवीत घालून त्यांच्या कडीला अडकवलं आणि फोन केला.

"पोचलं गो बाय मला," काकी म्हणाल्या. "आता तूच खा."

दुपारी मीच जाऊन पिशवी काढून आणली. चण्याची डाळ घालून भाजी केली, ती दोघींपुरती झाली; काकींच्या वाटणीचीही मीच खाल्ली.

तुमची पहिली भाजी घ्यायला शेजारी कोणी आहे का?