पोस्टरवरचे डोळे

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तेव्हा त्यालाही नाही. तुम्हाला का सांगते — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. चौथी शिकलेय, जमेल तसं लिहिते.

आमचं ते पोस्टर तुम्ही पाहिलं असेल. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, मधे दोन डोळे. खाली मोठ्या अक्षरात — ‘ही बाई कोण?’ मोर्चात ते बहुतेक वेळा मीच धरते. म्हातारी पुढे असली की पोलीस ढकलत नाहीत.

मागणी साधी आहे. परदेशी कंपनी सुरतेत पडदे बनवून घेते, त्यावर स्वतःचं नाव लावते. तिथे माणूस मेलं की म्हणते, कारखाना आमचा नाही. तसं म्हणता येऊ नये, असा कायदा हवा. परवा कामरेजच्या सभेत मी हेच बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सभेत खोटं बोलत नाही. एक गोष्ट तेवढी गाळते.

सिंधू आणि मी इच्छापोरच्या त्या कारखान्यात होतो. ती रंगाच्या टाक्या धुवायची, मी पडद्यांचे धागे कापायचे. दोघी खानदेशातल्या, सुरतेत लिंबायतला एकाच गल्लीत राहायचो, डबा एकत्र खायचो. तिची बोटं कायम निळी. भाकरी मोडली की भाकरीला निळे ठसे. मी म्हणायचे, ‘तुझ्यासोबत खाऊन मी पण निळी होईन एक दिवस.’ ती म्हणायची, ‘हो ना, मग तू उतर टाकीत, मी कापते धागे.’

एका दुपारी ती टाकीत उतरली आणि वर आली नाही. आत गॅस साठला होता. मी दारातच होते. सगळं पाहिलं. मालकाने तिला घरी पोचवलं, डॉक्टरकडून लिहून घेतलं — घरीच हार्टफेल.

तिची पोरगी रेखा गप्प बसली नाही. युनियनच्या ताईंना भेटली. ताईंनी थेट परदेशी कंपनीला पत्र लिहिलं, की तुमच्या मालासाठी सिंधू नावाची बाई टाकीत मेली. मग कंपनीची माणसं तपासायला येणार असं कळलं.

आमच्यासारख्यांना कार्ड नसतं. ऑडिटच्या दिवशी गळ्यात घालतात, संध्याकाळी काढून घेतात. त्या दिवशी सुपरवायझरने माझ्या गळ्यात कार्ड घातलं. फोटो माझा, नाव सिंधूचं. म्हणाला, ‘मासी, बस एक घंटा.’ मग एक वाटी पुढे सरकवली. निळा रंग. त्यात मी बोटं बुडवली.

धमकी दिली का कुणी? नाही. तुम्हाला तसं वाटावं असं मला वाटतंय, पण नाही. पंख्याखालच्या टेबलावर कायमची बसवतो म्हणाला. एवढंच.

दुभाषी मुलगी गोड होती. तिने विचारलं, सिंधूबाई कोण? मी हात वर केला. तब्येत बरी आहे? बरी आहे. काही तक्रार? नाही. इथवर शिकवलेलं होतं — इथेच थांबता आलं असतं ना? पण तिने विचारलं, घरी कोण असतं. आणि मी सांगितलं, एकच मुलगी, रेखा. दहावीला आहे. गणितात हुशार. रोज माझी निळी बोटं लिंबाने घासून देते.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या तोंडून निघत गेलं — आवाजही तिचा, तिच्यासारखं शब्दाच्या शेवटी थोडं हसत. दुभाषी मुलगी पण हसली. टोपी-मास्क होतेच, तसाच फोटो काढला.

कंपनीने उत्तरात तोच फोटो पाठवला. सिंधू जिवंत आहे, आम्ही बोललो, तुमची सिंधू दुसरी कुणी असेल. झालं. रेखाची आई त्या कारखान्यात कधी नव्हतीच. ताई म्हणतात, ही फोटोतली बाई सापडली तर सगळं उभं राहील. म्हणून पोस्टर.

नखांचा निळा रंग कितीतरी महिने गेला नाही. मी मेंदी लावत राहिले. शेजारीण म्हणाली, ‘काय व आजी, लगीन शे का?’ मेंदी उतरली की खालून निळं दिसायचं. आता नखं स्वच्छ आहेत. पण भाकरी मोडली की मी आधी भाकरी उलटून बघते. बाजारात कुणी ‘सिंधू’ म्हणून हाक मारली की मान वळते. माझं नाव घेऊन बोलावलं तर दोनदा बोलवावं लागतं.

रेखाने सांगितलं म्हणून मी मोर्चात आले. मला मावशी म्हणते. नाही कसं म्हणणार होते?

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी भिंतीला पोस्टर चिकटवत होतो. मी खळ लावत होते, ती कागद दाबत होती. तिचा तळहात त्या मास्कवर थांबला. कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, ‘मावशी, हे डोळे आपल्या गल्लीतले वाटतात.’ मग माझ्याकडे वळली. मी चष्मा काढून पुसत होते — तो पटकन घातला. म्हणाले, ‘खळ वाळतेय, दाब नीट.’

तिने दाबला. डोळ्यांवरून दोनदा हात फिरवला, हवा राहू नये म्हणून.

त्या फोटोतली बाई मी आहे. माझं नाव गिरजा. सिंधू टाकीत मेली. मी दारात होते.