फणसाची कोवळी पानं

परसातलं तण काढताना मी फणसाचं रोपच उपटलं. आईच्या हातच्या झाडाची शेवटची आठळी बायकोने रुजवली होती; आई गेली, मग झाडही पडलं. फणसाचं पान अखंड असतं, एवढं ज्ञान मला होतं. कोवळेपणी ते बोटांसारखं फाटलेलं असतं, हे नव्हतं.

एक पान उजेडात धरलं. प्रत्येक बोटात एकेक शीर शिरली होती. झाड वाढतं तशा नव्या पानांतल्या या फटी भरत जातात. आईचं झाडही कधी असंच असणार. मी पाहिलं तेव्हा ते मोठंच होतं. आईसारखंच.

रोप पुन्हा लावलं. त्याने मान टाकली होती. पाणी घालत बायको म्हणाली, "मुळं शाबूत आहेत, जगेल. आईंनी तुमचा लहानपणीचा फोटो दाखवला तेव्हा मीही ओळखलं नव्हतं. म्हणून उपटून टाकलं का तुम्हाला?"