पंक्तिप्रपंच

प्रयोगशाळेत सगळे तिला पिंजरेवाली म्हणत. उंदरांचे पिंजरे धुवायचे, पाणी बदलायचे, औषध पाजायचे, ही तिची कामे. तिचे सासरे झाडपाल्याचे जाणकार. शिरांत रक्त गोठू नये म्हणून ते लोकांना एका मुळीचा काढा देत. साहेबांच्या हातापाया पडून तिनेच तो तपासायला लावला होता. सासऱ्यांनी आता अंथरूण धरले होते. डोळे मिटण्यापूर्वी आपले औषध खरे ठरावे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

साहेबांनी बजावले होते : उजवीकडच्या उंदरांना काढा, डावीकडच्यांना नुसते पाणी. मग सगळ्यांच्या शिरेत रक्ताची गाठ धरवायची आणि गाठींचे वजन करायचे.

पण पंक्तिप्रपंच तिला कधी जमलाच नव्हता. दिराची मुले असोत की स्वतःची, ती सारखेच वाढायची. डावीकडचे उंदीर जाळीला नाक लावून बघत. यांच्याही शिरेत गाठ धरवणार, आणि औषधाचा घोटही नाही? औषध खरे ठरायला उजवीकडच्यांना गुण आला म्हणजे झाले, असे म्हणून ती उरलेला काढा रोज डावीकडच्यांनाही पाजू लागली.

शेवटी साहेब वजने बघून म्हणाले, "दोन्हीकडे गाठी बारीकच. ही उंदरांची जातच तशी दिसते. काढ्यात काही दम नाही, बाई."

तिने तिथेच सगळे सांगून टाकले.

"अहो, ही काय जेवणावळ होती?" साहेब ओरडले. "पाण्याच्या उंदरांवरच तर सगळी मदार होती!"

"मग गाठी काढ्यानेच बारीक झाल्या ना, साहेब?"

"झाल्या असतील. पण तुलनेला नुसत्या पाण्याचे उंदीरच नाहीत, तर ते आता कोण मानणार? पुन्हा उंदीर मिळायचे नाहीत. तुम्ही उद्यापासून बाटल्या धुवा."

घरी येऊन तिने सासऱ्यांना काहीही न लपवता सांगितले. ते कोपरावर भार देऊन उठून बसले.

"म्हणजे दोन्हीकडे गुण आला! अगं वेडाबाई, लागू पडलं की!" हसता हसता त्यांना ठसका लागला. "मग पुन्हा करतील ना?"

"नाही म्हणाले, मामंजी."

"तू सांगितलंस ना, दोन्हीकडे पाजलं म्हणून?"

"सांगितलं."

"तरी?"

सासरे हळूहळू आडवे झाले.

"कोणी काढा मागायला आलं, तर नाही म्हण," ते म्हणाले. "खोटा ठरलाय तो."