वंशावळीतली दुहेरी रेघ

मी वेंधळी आणि आळशी आहे, हे आमच्या घरात सर्वमान्य होतं. त्यामुळे बारावीच्या सराव प्रॅक्टिकलला जीवशास्त्राच्या सरांनी सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा मलाही ते खरंच वाटलं. सूक्ष्मदर्शकाखाली खोडाचा रंगवलेला काप होता. "लाल झालेल्या पेशी कुठल्या?" मी दाखवल्या त्या हिरव्या निघाल्या. "पुस्तक उघडतेस तरी का?" अहो, पुस्तक तोंडपाठ होतं माझं! पुढच्या वेळीही तेच झालं, तेव्हा मी घरी येऊन दप्तर फेकलं आणि जाहीर केलं, की जीवशास्त्र शिकायचं माझं डोकंच नाही, पुढे हा विषय घेणार नाही.

आईनं मला दंडाला धरून खालच्या मजल्यावरच्या अक्कांकडे नेलं. अक्का जीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, आमच्यासारख्याच निपाणीकडच्या, बंगळूरच्या येलहंक्यात मुरलेल्या. "सरी, ठीक आहे, परीक्षेला तीन आठवडे आहेत. स्वल्प स्वल्प करत सगळी उजळणी होते," म्हणाल्या. पुस्तकातली उदाहरणं त्यांना चालत नसत. "मटारांची लग्नं लावून काय कळणार गं तुला? आनुवंशिकता घरच्या माणसांवर शिकायची. जा, वंशावळ काढून आण."

काढली. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. आईबाबांमध्ये दुहेरी रेघ, कारण नात्यातल्या लग्नाची तीच खूण, आणि आईचे वडील म्हणजे बाबांचे सख्खे मामा. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्यात नवल ते काय! आता त्यात गुण कुठला दाखवायचा? मी थट्टेनं 'वेंधळेपणा' घेतला. बाबांचा चौकोन काळा केला, कारण ते हमखास कच्चे टोमॅटो आणतात. आईच्या वडिलांचाही केला. त्यांनी स्वतःच्या लग्नात हिरवा म्हणून चॉकलेटी शालू आणला होता, आणि ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात हसत हसत सांगतात. मग त्या लाल-हिरव्या पेशींपायी माझा गोलही रंगवला आणि प्रत्येकापाशी कारण लिहिलं.

अक्का हसल्याच नाहीत. कागद खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"बाळ, हा वेंधळेपणा नव्हे. तुम्हा तिघांना लाल-हिरवं वेगळं दिसत नाही."

"पण ते मुलींना होत नाही ना?"

"क्वचित होतं. मुलीला व्हायला ते आईकडूनही यावं लागतं आणि वडिलांकडूनही." त्यांनी पेन्सिलीचं टोक त्या दुहेरी रेघेवर ठेवलं. "तुला दोन्हीकडून आलंय. घर एकच ना!"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक दाखवून मला आणि बाबांना तपासलं आणि तेच सांगितलं. मी रडले, चक्क आनंदानं. मी मठ्ठ नव्हते! आईही रडली. "किती बोलले गं मी तुला," एवढंच म्हणत राहिली. बाबा मात्र उठून बाहेर गेले, आणि पुढे कित्येक दिवस हा विषय निघाला की उठून जायचे.

अक्कांनी सगळी उजळणी पुन्हा पहिल्यापासून घेतली. "रंग विसर. भिंती बघ. जाड भिंतीच्या, मोठ्या पोकळीच्या पेशी पाणी वाहून नेतात." परीक्षेला मी हात जोडून म्हणाले, "सर, मला लाल-हिरवं कळत नाही, आकारावरून सांगू?" परीक्षक म्हणाले, "सांगा की." एकही काप चुकला नाही. आज मी जीवशास्त्रच शिकते आहे. अक्कांचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही, आणि तसं त्यांना सांगितलं की त्या म्हणतात, "पुरे गं, पुढचा धडा काढ."

बारावीच्या निकालाच्या दिवशी संध्याकाळी बाबांबरोबर भाजी आणायला गेले. हातगाडीपाशी बाबा नेहमीसारखे टोमॅटो चाचपत उभे राहिले. मग हातातले खाली ठेवून चार माणसांत भाजीवालीला कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, मला लाल-हिरवं कळत नाही. पिकलेले तुम्हीच निवडून द्या."

"सरी, अण्णा," म्हणत भाजीवाली एकेक टोमॅटो निवडू लागली.

बाबा माझ्याकडे वळले. "लहानपणापासून लपवत आलो गं," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी एकटाच असा आहे."