दरीदरीला वेगळा मुलूख

शेवटचं बोलणं झालं ते दवाखान्यात. बारामतीच्या त्या दवाखान्यात दुपारी भेटायला गेले, तर अक्कांनी नाकावरचा ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला होता आणि त्या नर्सला विचारत होत्या, "तुमचं गाव डोंगरात म्हंता, मग पानी खालनं आनता का वरनं येतं?" पोरगी धडगावकडची होती. तिला हसू आलं. "आजी, आधी मास्क लावा, मग सांगते." अक्कांनी शहाण्यासारखा मास्क लावला, पण डोळे तिच्या तोंडावरून हलेनात. मग त्या मुलीनंही सलाईन बघता बघता सातपुड्यातला झरा, त्यातून पाड्यापर्यंत आणलेला पाट, सगळं सांगितलं. मी निघाले तेव्हा अक्का मला म्हणाल्या, "सुमन, ऱ्हायलं बघ सातपुडा बघायचं..." दुसऱ्या दिवशी पहाटे तात्यांचा फोन आला. "ती गेली," एवढंच बोलले आणि फोन तसाच चालू राहिला.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. तात्या म्हणजे त्यांचे यजमान, माझे थोरले दीर. वरकुट्यात त्यांची डाळिंबाची बाग. आम्ही नोकरीमुळं बारामतीत राहायला आलो, पण सुट्टी लागली की मी बागेत. डाळिंबाची छाटणी अक्कांच्या हातची. कुठली फांदी ठेवायची आणि कुठली उतरवायची हे त्या झाडाभोवती एक फेरी मारून ठरवायच्या, आणि तात्या त्यात कधी पडायचे नाहीत.

एका वर्षी गावातल्या बागायतदारांची हिमाचलला सहल निघाली, सफरचंदाच्या बागा बघायला. सगळे पुरुषच. अक्का म्हणाल्या, "छाटनी मी करती, आन् झाडं बघाया तुमी?" तात्या हसले आणि बॅग उचलून गेले. परत आले ते लोकरीची टोपी घालूनच. अक्कांनी त्यांना पाणी दिलं आणि समोर बसून विचारायला सुरुवात केली. दोन झाडांत अंतर किती? उतारावर पाणी थांबतं कसं? फांदीला बाक देतात का सरळ वाढू देतात? तात्यांनी मोबाइल काढून बर्फातले फोटो दाखवले. प्रत्येकात सगळे ओळीनं उभे, मागं पांढरा डोंगर.

"मग तुमी बघितलं काय?" अक्का म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच कळेना, की एवढ्या लांब जाऊन माणूस न बघता कसा येतो.

पुढच्या वर्षी त्या स्वतः निघाल्या, आणि हिंदी बोलायला मला बरोबर घेतलं. आधी कांगड्याला गेलो. तिथं खाली भाताची खाचरं, चहाचे मळे आणि डोक्यावर एकदम बर्फाची भिंत. त्याच्या पुढच्या खेपेला कुलू. मला वाटायचं, डोंगर पाहिले, झालं. अक्कांचं तसं नव्हतं. खिंड ओलांडली की त्या गाडीच्या काचेला नाक लावायच्या. घराचं छप्पर बदललं, बायांच्या डोक्यावरचं फडकं बदललं, गवत वाळवायची तऱ्हा बदलली, हे सगळं त्यांना दिसायचं. म्हणायच्या, "हिमाचल म्हंजी एक गाव न्हाय सुमन. दरीदरीला येगळा मुलूख हाय."

तिसऱ्या खेपेला किन्नौरला गेलो. सतलजच्या वर, खडकात खोदलेल्या रस्त्यानं. राजदेवी नावाच्या बाईंच्या घरी दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या, तिथं उतरलो. हिरव्या पट्टीची टोपी, गालावर उन्हाचे चट्टे, अक्कांच्याच वयाच्या. आम्ही पोचलो त्याच रात्री खाली दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. आमच्याबरोबर उतरलेली मंडळी सकाळपासून फोन लावून रडकुंडीला आली. रेंज येऊन-जाऊन. माझाही धीर सुटत चालला होता. राजदेवींची अडचण मात्र वेगळीच होती. सफरचंदं तोडणीला आलेली आणि तोडणीची माणसं दरडीच्या पलीकडं अडकलेली.

अक्कांनी पदर खोचला आणि बागेत शिरल्या. पहिलंच फळ त्यांनी डाळिंबाच्या सवयीनं देठ कापायला धरलं. राजदेवी धावत आल्या, त्यांचं मनगट धरलं, फळ तळव्यात घेऊन वर उचललं आणि जरासं फिरवलं. देठासकट अलगद हातात आलं. "काटना नहीं दीदी, उठाना." अक्कांनी ते तीनचार वेळा करून बघितलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "आगं, हे तर सोताच हातात येतंय!" मग त्या झाडापासून हलल्याच नाहीत. मीही लागले पेट्या भरायला. दोघींची हिंदी एकमेकींना निम्मीच कळायची. राजदेवींची किन्नौरी वळणाची, अक्कांची वरकुट्याची. पण फांदीचा बाक, मुळाशी टाकायचं खत, पानांवर भुरीची बुरशी पडली तर काय, हे सगळं त्या बोटांनी, मातीत रेघा मारून एकमेकींना सांगत होत्या.

मधेच तात्यांचा फोन लागला. लांबूनही त्यांचा आवाज मला ऐकू आला. "हिकडं जिवाला घोर लागलाय माझ्या. कुनी सांगितलं हुतं त्या दगडाधोंड्यात जायला? आता ये, परत सोडत न्हाय." अक्का म्हणाल्या, "व्हय, येती. पन ऐका तर, हितं पाट..." आणि फोन कटला.

रस्ता उघडल्यावर आम्ही परतलो. तात्या अंगणात उभेच होते. अक्कांनी राजदेवींनी दिलेलं एक सफरचंद त्यांच्या हातावर ठेवलं. तात्यांनी ते पुसलं, खाल्लं आणि विचारलं, "झाडावनं तूच तोडलंस व्हय?"

पण जाणं थांबलंच. आधी तात्यांच्या शब्दासाठी, आणि मग अक्कांच्या छातीसाठी. त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. फुप्फुसं आकसत चालली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. उंचावर जायचंच नाही. स्पिती बघायची राहिली होती. किन्नौरच्या पुढची ती उघडी, कोरडी दरी. राजदेवींनी तिच्याबद्दल इतकं सांगितलं होतं, की अक्का तिचा विषय सारखा काढायच्या. आता काढेनाशा झाल्या. ओसरीवर बसून बागेकडं बघत राहायच्या. मला ते बघवत नव्हतं, आणि तात्यांना तर त्याहून नाही.

एके दिवशी तेच म्हणाले, "सुमन, आपुन जाऊन येऊ. हिला बघून सांगू."

राजदेवींच्या यजमानांनी त्यांच्या गाडीतून आम्हाला वर नेलं. झाड म्हणून नाही, सगळे डोंगर मातीच्या रंगाचे, आणि मधेच नदीकाठी हिरव्यागार पट्ट्या. मटारच्या. तात्या गाडी थांबवून वावरात उतरले. गुडघ्यावर बसले, माती चिमटीत घेऊन चुरडली, हुंगली. दोन ओळींत वीत टाकली. शेंगा तोडणाऱ्या बाईला मोडक्या हिंदीत पाण्याचं विचारलं, ती म्हणाली, बर्फ वितळतं तेवढंच पाणी, पाळी लावून घ्यायचं. फोटो त्यांनी एकही काढला नाही.

परत आल्यावर रोज संध्याकाळी ओसरीवर तात्या सांगायचे आणि अक्का विचारायच्या. घरांच्या गच्चीवर रचलेलं सरपण, गोठ्याच्या वरच्या मजल्यावर झोपणारी माणसं... एवढं बोलताना मी त्या दोघांना पूर्वी कधी बघितलं नव्हतं. एकदा अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. तात्या थांबले, तशा म्हणाल्या, "थांबलासा का? आत्ता कुटं खिंड वलांडली."

त्या गेल्याचं राजदेवींना मीच कळवलं. थंडीत त्यांच्या बागा बर्फाखाली असतात, कामं नसतात. दोघं नवरा-बायको तिकडून निघून आले, दौंडला उतरून वरकुट्याला. अक्कांच्या अस्थी नरसिंहपूरला सोडल्या होत्या, ती जागा त्यांना बघायची होती. आम्ही चौघं संगमावर गेलो. राजदेवींनी पाण्याला हात लावून नमस्कार केला. मग किती वेळ तरी त्या पश्चिमेकडं बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या गावात सूर्य दुपारीच डोंगराआड जातो. जमिनीला टेकलेला सूर्य त्या पहिल्यांदा पाहत होत्या.

"यह कौन-सी नदी है, और वह कौन-सी?"

मी सांगितलं, ही भीमा, ती नीरा. आमच्या डाळिंबाला नीरेच्या कालव्याचं पाणी.

"नीरा निकलती कहाँ से है?"

भोरच्या पलीकडून, घाटातून, मी म्हणाले.

"कैसी है वह जगह?"

मी तात्यांकडं बघितलं. आम्ही दोघंही तिथं कधी गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना पुण्याला सोडायचं होतं, रेल्वे संध्याकाळची होती. सकाळी लवकरच निघालो. तात्या पुढच्या सीटवर बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "आधी भोरकडं घे. मंग पुनं." भोर मागं पडलं, डोंगर जवळ आले, रस्ता वळणं घेऊ लागला. राजदेवींनी काच खाली केली. घाटाच्या आधी रस्त्याच्या कडेला एक लहानसं दगडी कुंड लागलं. पाणी नितळ, तळाची वाळू दिसत होती. पलीकडं एक म्हातारी हंडा भरत होती.

तात्या चप्पल काढून कुंडाच्या काठावर बसले. ओंजळभर पाणी प्यायले. आणि मग, आयुष्यभर अनोळखी बाईशी स्वतःहून न बोललेले माझे दीर तिला म्हणाले, "मावशी, उन्हाळ्यात बी ऱ्हातं का हो पानी? आन् ह्यो झरा नेमका येतो कुटनं?"

म्हातारीनं हंडा खाली ठेवला, वरच्या झाडीकडं हात केला आणि सांगायला लागली. तात्या सरकून तिच्या जवळ बसले.